क्रॉनटॅबचं पान नव्याने : प्रकल्प नोंदी, जून २०२५

२ जून, सोमवार

क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी सर्व्हरवर आपोआप कामं चालवणारा प्रोग्राम, आणि क्रॉनटॅब म्हणजे त्या कामांच्या वेळा लिहिलेली फाइल. त्या फाइलीतली ओळ कशी लिहायची, यावरचं आमच्या टीमचं पान आज नव्याने लिहायला घेतलं. निमित्त मे महिन्यातलं. एका पतसंस्थेच्या सर्व्हरवर रात्रीचा बॅकअप होतच नव्हता. ओळ लिहिणाऱ्या मुलाने आमचं पान उघडलं होतं, वाचलं होतं आणि त्यात दिलंय तसंच लिहिलं होतं. त्याला काय बोलणार!

जुन्या पानावर आहे काय, तर पाच स्टार (स्टार म्हणजे ‘कोणताही’), त्यांच्याखाली पाच बाण, आणि बाणांना नावं: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. हे चित्र जगात सगळीकडे आहे आणि दिसायला फार स्वच्छ आहे. त्याखाली तीन उदाहरणं, तिन्ही ‘रोज रात्री अमुक वाजता’ या जातीची. शेवटी ‘अधिक माहितीसाठी मॅन पेज पाहा’, म्हणजे सिस्टिमसोबत येणारी माहितीपुस्तिका. संपलं.

एक सूचना इथेच लिहून ठेवतो. या नोंदींत ओळी देवनागरी अंकांत लिहितोय, फाइलीत मात्र इंग्रजी अंकच लागतात. क्रॉनला देवनागरी अंक कळत नाहीत.

४ जून, बुधवार

आधी आपल्याकडे कोणता क्रॉन आहे ते पाहिलं. काही मशीनं डेबियनची, काही रेड हॅटच्या घराण्यातली (दोन्ही लिनक्सचेच प्रकार). दोन्हींचं मूळ एकच: पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेला क्रॉन. डेबियनने त्याचीच एक शाखा वर्षानुवर्षं ठिगळं लावत सांभाळली. रेड हॅटकडच्यांनी २००७ मध्ये त्यातून ‘क्रॉनी’ वेगळा काढला. त्याही आधी, १९७९ च्या युनिक्स सातव्या आवृत्तीत, सगळ्या मशीनला मिळून एकच फाइल असायची. प्रत्येक युझरची स्वतंत्र फाइल ही नंतरची सोय.

हा इतिहास पानावर जाणार नाही, पण त्याचा परिणाम जाईल. पॉसिक्स, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या सामाईक मानकात, फक्त पाच रकाने, स्वल्पविराम, ‘१-५’ असे पट्टे आणि स्टार एवढंच आहे. स्लॅश लावून ‘दर इतक्या मिनिटांनी’ लिहिणं, वारांची नावं, ‘@डेली’ (रोज एकदा) हे सगळं नंतरचं आहे. म्हणजे ‘क्रॉनटॅबचं व्याकरण’ अशी एकच गोष्ट नाही. पानाच्या पहिल्या ओळीत लिहिलं: हे पान डेबियन आणि क्रॉनी या दोघांपुरतं आहे; फरक असेल तिथे तसं नमूद केलंय.

टेस्ट मशीनवर तीन निरुपद्रवी ओळी घालून ठेवल्या. प्रत्येक ओळ सकाळी दहाला आपापल्या लॉगमध्ये फक्त तारीख लिहिते.

० १० १३ * ५
० १० */२ * १
० १० १-३१/२ * १

ट्रेनीला विचारलं, कुठली कधी चालेल ते कागदावर लिहून ठेव. तिने पहिल्या ओळीपुढे लिहिलं, ‘तेरा तारखेला शुक्रवार असेल तर. म्हणजे या महिन्यात एकदाच.’ दुसरी आणि तिसरी तिला सारखीच वाटली.

५ जून, गुरुवार

जुनी तिकिटं, म्हणजे सपोर्टकडे आलेल्या तक्रारी, चाळली. वाचता वाचता एक गोष्ट स्पष्ट झाली आणि पानाचा सांगाडा तिथेच ठरला. मिनिटाच्या रकान्यात ६० लिहिलं, तर फाइल सेव्ह करतानाच ‘बॅड मिनिट’ म्हणून ती परत येते, पुन्हा एडिट करायचं का म्हणून विचारते, आणि माणूस तिथल्या तिथे सुधारतो. अशा चुकांचं तिकीट कधीच येत नाही. आमच्यापर्यंत येतात त्या सगळ्या ओळी व्याकरणाने शुद्ध असतात. क्रॉनने त्या बिनतक्रार घेतलेल्या असतात, आणि लिहिणाऱ्याला हवं होतं त्यापेक्षा वेगळंच काहीतरी त्या करत असतात.

आमचं जुनं पान, आणि खरं तर बहुतेक सगळी पानं, क्रॉन नाकारेल अशा चुकांपासून वाचवतात. त्या कामाला क्रॉन स्वतः समर्थ आहे. पानाने उरलेल्यांचं बघावं. बाणांचं चित्र वर छोटं करून ठेवतो, काढून टाकलं तर लोक दुसरीकडून आणतील. त्याखालचं सगळं पान मात्र मान्य होऊन फसणाऱ्या ओळींचं.

६ जून, शुक्रवार

सव्वादहाला ट्रेनी आली. ‘सर, तेरावाली आज चालली.’ म्हटलं, लॉग ठेव, सोमवारी बोलू.

९ जून, सोमवार

आजचा दिवस तारीख आणि वार या दोन रकान्यांत गेला.

नियम असा. मिनिट, तास आणि महिना हे तिन्ही जुळलेच पाहिजेत. पण तारीख आणि वार दोन्ही भरलेले असतील, तर दोघांपैकी एक जुळला तरी काम चालतं. म्हणून ‘१३ * ५’ ही ओळ दर तेरा तारखेला चालते आणि शिवाय दर शुक्रवारीही. ६ तारखेला शुक्रवार होता, चालली. मॅन पेजात हे लिहिलेलं आहे, उदाहरणासकट: ‘३० ४ १,१५ * ५’, म्हणजे महिन्याच्या १ आणि १५ तारखेला साडेचारला, आणि जोडीला प्रत्येक शुक्रवारी. पण ते पाचही रकान्यांचं वर्णन संपल्यावर, एका टीपेत. तिथवर वाचत जाणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

हे तिकिटांत येतं ते ‘महिन्याचा पहिला सोमवार’ या रूपात. माणूस तर्क करतो की पहिला सोमवार १ ते ७ मध्येच पडणार, आणि लिहितो ‘० ९ १-७ * १’. तर्क बरोबर, ओळ फसवी. ती १ ते ७ रोज चालते आणि वर प्रत्येक सोमवारी. जूनपुरतं बोलायचं तर १ ते ७, मग ९, १६, २३, ३०. अहवाल पाठवणारं काम असेल तर समोरच्या मॅनेजरला महिन्यात अकरा मेल.

आता टेस्टच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीकडे. ‘*/२’ आणि ‘१-३१/२’ या दोन्हींचा अर्थ १, ३, ५ अशा विषम तारखा. तरी आजपर्यंत दुसरी ओळ एकदाच चालली, आज, आणि तिसरी ५, ७, ९ ला. कारण सोर्समध्ये पाहिलं. क्रॉन ओळ वाचताना रकान्याचं पहिलं अक्षर स्टार आहे का एवढंच बघतो. असेल तर त्या रकान्यावर ‘मोकळा’ अशी खूण करतो, पुढे स्लॅश असो नसो. दोघांपैकी एकावर जरी ही खूण असली तरी नियम उलटतो आणि दोन्ही जुळावे लागतात. म्हणून ‘*/२ * १’ म्हणजे विषम तारखेचा सोमवार: या महिन्यात ९ आणि २३. ‘१-३१/२ * १’ म्हणजे सगळ्या विषम तारखा आणि सगळे सोमवारही.

एकाच अर्थाचे दोन रकाने, आणि ओळीचा अर्थ वेगळा. ट्रेनी म्हणाली, ‘हा तर बग आहे.’ असेल. पण इतकी वर्षं लोकांच्या ओळी त्यावर चालल्यात, आता तो कोणी हलवणार नाही. काही हुशार मंडळी या खुणेचाच वापर करून ‘पहिला सोमवार’ एका ओळीत बसवतात. ती युक्ती मला माहीत आहे आणि पानावर ती मी देणार नाही. रात्री दोन वाजता फोन आलेल्या माणसाला ती ओळ वाचता आली पाहिजे.

पानावरचा नियम: तारीख आणि वार, दोघांपैकी एकच भरायचा. दोन्ही लागत असतील तर तारीख क्रॉनमध्ये, वाराची तपासणी स्क्रिप्टमध्ये.

स्लॅशचं आणखी एक, थोडक्यात. ‘*/७’ म्हणजे ‘दर सात मिनिटांनी’ नव्हे. ०, ७, १४ करत ५६ पर्यंत जातं आणि तास बदलला की पुन्हा ० पासून, म्हणजे मधलं अंतर चारच मिनिटांचं. ‘*/४०’ तर ० ला आणि ४० ला. साठला भाग जाणारा आकडा असेल तरच मनातला अर्थ आणि ओळीचा अर्थ एक होतो. तारखेतही तेच: ‘*/२’ हे ३१ ला चालून लगेच १ ला चालतं.

११ जून, बुधवार

सकाळी वाटलं होतं की आज किरकोळ मुद्दे संपतील. दुपारी जावा टीममधला एक जण डोकावला आणि सहा रकान्यांचं प्रकरण घेऊन बसला.

ती मंडळी कामांच्या वेळा लावायला क्वार्ट्झ आणि स्प्रिंग ही जावाची साधनं वापरतात. तिथली ओळही क्रॉनसारखीच दिसते, पण पहिला रकाना सेकंदाचा असतो. रोज रात्री दोन वाजता, हे क्वार्ट्झमध्ये ‘० ० २ * * ?’ असं लिहितात. ही ओळ उचलून, पुढे स्क्रिप्टचा पत्ता देऊन क्रॉनटॅबमध्ये टाकली तर काय होतं? क्रॉन ती आनंदाने घेतो. मिनिट ०, तास ०, तारीख २, कोणताही महिना, कोणताही वार. पाच रकाने पूर्ण. उरलेलं सगळं म्हणजे कमांड, आणि कमांडचं नाव प्रश्नचिन्ह. काम रोज दोनला होण्याऐवजी महिन्याच्या दोन तारखेला मध्यरात्री एकदा ‘?’ नावाची कमांड शोधली जाते आणि सापडत नाही.

स्प्रिंगमध्ये शेवटी प्रश्नचिन्हाच्या जागी बहुधा स्टार असतो, आणि ते जास्त वाईट. तो सहावा स्टार शेलच्या, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, हातात पडतो. शेल त्याच्या जागी होम फोल्डरमधल्या फाइलींची नावं भरतो आणि त्यातलं पहिलं नाव कमांड म्हणून चालवायला जातो. डेटाबेस सांभाळणारे आमचे डीबीए ऐकत होते. म्हणाले, ‘म्हणजे फोल्डरात कोणी फाइलीला काय नाव ठेवलंय त्यावर आपलं नशीब.’ तसंच आहे.

वारांचे आकडेही वेगळे. क्वार्ट्झमध्ये १ म्हणजे रविवार. क्रॉनटॅबमध्ये १ म्हणजे सोमवार, आणि रविवारला ० किंवा ७. पानावर शिफारस केली की एकच वार लिहायचा असेल तर इंग्रजी तीन अक्षरी नाव लिहा. दोन्हीकडे चालतं आणि वाचणाऱ्यालाही कळतं.

याच जातीची एक घरातली अडचण आहे. इटीसी फोल्डरातली सिस्टिमची क्रॉनटॅब आणि क्रॉन-डी फोल्डरातल्या फाइली यांत सहावा रकाना असतो, युझरच्या नावाचा. युझरच्या स्वतःच्या फाइलीत तो नसतो. तिथली ओळ इथे आणली तर क्रॉन ‘रूट’ नावाची कमांड शोधतो. इथली तिथे नेली तर कमांडचा पहिला शब्द त्याला युझर वाटतो. मॅन पेज हे सांगतं, पण आमच्या जुन्या पानावर दोन्ही जातींची उदाहरणं एकाखाली एक होती, मथळाच नव्हता. आता प्रत्येक उदाहरणाच्या वर ‘कुठल्या फाइलीत’ हे आलंच पाहिजे. आणि डेबियनपुरती टीप: क्रॉन-डीमधल्या फाइलीच्या नावात टिंब चालत नाही. नाव ‘बॅकअप.क्रॉन’ ठेवलं की क्रॉन तिच्याकडे बघतही नाही, आणि तसं कळवतही नाही.

१३ जून, शुक्रवार

टेस्टची पहिली ओळ आज पुन्हा चालली. आज तेरा तारीखही होती आणि शुक्रवारही, पण काम एकदाच झालं. ट्रेनीने हे मुद्दाम तपासलं, मला सुचलं नव्हतं. पानावर घेतलं.

बाकी दिवस टक्क्याचा. मे महिन्यातल्या बॅकअपचं कारण हेच. आमच्या पानावरच्या उदाहरणात फाइलीचं नाव साधं होतं. त्या मुलाने चांगला विचार केला, नावात तारीख घालावी म्हणजे रोजची वेगळी फाइल होईल. त्यासाठी नावात कंस करून आत डेट कमांड लिहायची, तिला वर्ष-महिना-दिवस सांगावे लागतात आणि ते % लावूनच. क्रॉनटॅबमध्ये कमांडमधला पहिला % म्हणजे कमांड संपली. त्यापुढचा मजकूर कमांडच्या इनपुटमध्ये जातो आणि पुढचे % नव्या ओळी होतात. उघडलेला कंस बंद होण्याआधीच कमांड तुटते आणि शेल सिंटॅक्स एरर देतो. तीच ओळ टर्मिनलवर हाताने चालवली तर उत्तम चालते, त्यामुळे माणूस स्वतःवर शंका घेत बसतो. उपाय दोन: प्रत्येक % आधी उलटा स्लॅश, किंवा सगळं स्क्रिप्टमध्ये न्यायचं आणि क्रॉनमध्ये फक्त स्क्रिप्टचा पत्ता. आम्ही दुसरा धरला.

एरर आली तर कळलं का नाही? क्रॉन कमांडचं आउटपुट मेलने पाठवतो. त्या मशीनवर मेलची सोयच बसवलेली नव्हती. सिस्टिम लॉगमध्ये रोज इमानेइतबारे नोंद पडत होती की मेल सर्व्हर नाही, आउटपुट टाकून देत आहे. म्हणून पानावरच्या प्रत्येक उदाहरणात आउटपुट कुठल्या लॉग फाइलीत जाणार ते लिहिलेलं असेल, अगदी ‘रोज रात्री’वाल्यातसुद्धा. लोक उदाहरण उचलतात, त्याखालचा सल्ला उचलत नाहीत.

१६ जून, सोमवार

टाइमझोन. हा भाग लिहायला सर्वात जास्त वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता.

आमचे सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळेवर) आहेत, ग्राहक भारतीय वेळेवर. साडेपाच तास वजा करा, एवढंच जुन्या पानावर होतं. वेळेसाठी ते पुरतं. पण वजा करताना मध्यरात्र ओलांडली की वार आणि तारीखही मागे जातात, हे कोणी लिहिलंच नव्हतं.

सोमवार ते शनिवार पहाटे दोनला चालायचं काम घ्या. दोन वजा साडेपाच म्हणजे आदल्या दिवशीचे २० वाजून ३० मिनिटं. लोक लिहितात ‘३० २० * * १-६’. ते भारतात मंगळवार ते रविवार चालतं. सोमवार गेला, रविवार फुकट आला. बरोबर ओळ ‘३० २० * * ०-५’.

वाराचं निदान एक घर मागे सरकवून भागतं. तारखेचं भागत नाही. दर महिन्याच्या १ तारखेला पहाटे एकला व्याजाचं काम करायचं, म्हणजे यूटीसीत आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी १९:३०. शेवटचा दिवस कधी २८, कधी २९, ३०, ३१. ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ असं क्रॉनटॅबमध्ये लिहिताच येत नाही, त्यासाठी चिन्हच नाही. म्हणून ओळ ‘३० १९ २८-३१ * *’ अशी मोकळी ठेवायची आणि स्क्रिप्टने पहिल्याच ओळीत भारतातली तारीख विचारायची. १ असेल तर पुढे जा, नसेल तर गप्प बाहेर ये. फेब्रुवारीतही हे बरोबर बसतं.

क्रॉनीवर यापेक्षा सरळ मार्ग आहे. फाइलीत वर ‘क्रॉन-टीझेड’ हे व्हेरिएबल देऊन आशिया/कोलकाता लिहिलं की त्याखालच्या ओळी भारतीय वेळेने चालतात. डेबियनच्या क्रॉनला ते समजत नाही. तिथे साधं ‘टीझेड’ लिहिलं तर कमांडच्या आतलं घड्याळ बदलतं, कमांड सुरू होण्याची वेळ नाही. हे मॅन पेजात स्पष्ट आहे. आता एक ओळ एका मशीनवर चालते आणि दुसऱ्यावर नाही, असं नको. डीबीए आणि मी बराच वेळ वाद घातला. ते म्हणत होते, सर्व्हरच भारतीय वेळेवर आणा. पण लॉग सगळे यूटीसीत जुळवलेले आहेत, ते मोडायचे नाहीत. शेवटी दोन्हीकडे चालणारी २८-३१ वाली पद्धत ठरली. दिसायला कुरूप आहे. चालेल.

परदेशातल्या ग्राहकांच्या मशीनवर घड्याळ पुढे-मागे होतं, त्यावर एकच परिच्छेद दिला: पुढे सरकताना गाळलेल्या तासातली कामं बदलानंतर लगेच होतात, मागे येताना ती दुसऱ्यांदा होत नाहीत, आणि हा नियम ठरावीक वेळेच्या कामांनाच आहे, तासाच्या किंवा मिनिटाच्या रकान्यात स्टार असेल तर नाही.

२० जून, शुक्रवार

पालख्या पुण्यात, रस्ते बंद, सगळे घरून. शांतपणे उरलेलं संपवलं.

क्रॉनमधला पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तुमच्या टर्मिनलमधला नसतो, अगदी तोकडा असतो. तो फाइलीत वाढवायला जाऊन ‘जुना पाथ अधिक हा फोल्डर’ असं डॉलर चिन्हाने लिहिलं तर क्रॉन ते उलगडत नाही, अक्षरं तशीच ठेवतो. पूर्ण पत्ते लिहा. शेल नेहमीचा ‘बॅश’ नसून ‘एसएच’ असतो आणि डेबियनवर तो ‘डॅश’ निघतो. बॅशचे लाड तिथे होत नाहीत.

शेऱ्याची ओळ स्वतंत्र असावी. कमांडच्या शेवटी # लावून लिहिलेला शेरा सहसा खपतो, कारण शेल तो सोडून देतो. व्हेरिएबलच्या ओळीत मात्र तो किमतीचाच भाग होतो.

शेवटच्या ओळीनंतर एंटर मारलेलं असलं पाहिजे.

आणि क्रॉनटॅब कमांडला ‘डॅश ई’ (-e) दिलं की फाइल उघडते, ‘डॅश आर’ने न विचारता उडते. कीबोर्डवर ई आणि आर शेजारी आहेत. कोणी ठरवलं असेल हे, देव जाणे. सगळ्या ओळी आधी गिटमधल्या (फाइलींचे जुने बदल जपून ठेवणारं साधन) फाइलीत लिहायच्या आणि तिथून बसवायच्या, असा परिच्छेद घातला. मग ‘डॅश ई’ची गरजच उरत नाही.

२४ जून, मंगळवार

सपोर्टच्या लोकांना मसुदा दिला. ‘समजलं का’ विचारलं नाही, कारण त्याला सगळे हो म्हणतात. ओळी दिल्या आणि विचारलं, जुलैमध्ये ही कोणकोणत्या तारखांना चालेल ते लिहा. वार-तारखेची जोडी बहुतेकांना जमली. टाइमझोनमध्ये अडले. ‘आदला दिवस’ हे शब्द वाचताना निसटतात असं दिसलं. एक ताई म्हणाल्या, ‘सर, हे वाक्यात नको, शेजारी-शेजारी दोन वेळा लिहा. भारतात हे, सर्व्हरवर ते.’ तसं केलं. आता प्रत्येक उदाहरणाला चार गोष्टी: कुठल्या फाइलीत, ओळ, सर्व्हरवरची पुढची काही वारं-वेळा, भारतातल्या त्याच वेळा.

डीबीएंनी विचारलं की सिस्टिमडीचे टायमर (लिनक्समधली क्रॉनला पर्यायी सोय) का नाही वापरत, त्यात टाइमझोन ओळीतच लिहिता येतो आणि पुढची वेळ काढून दाखवणारी कमांडही आहे. मुद्दा खरा आहे. पण ग्राहकांकडे उभ्या असलेल्या मशीनवर क्रॉन आहे आणि अजून काही वर्षं राहणार आहे. पानाच्या तळाशी एक ओळ दिली: नवीन सर्व्हर असेल तर आधी विचारा.

१ जुलै, मंगळवार

आज पहाटे एकचं काम नव्या पद्धतीने पहिल्यांदाच चाललं. लॉगमध्ये २८ आणि २९ जूनला स्क्रिप्ट उठली, तारीख पाहिली, बाहेर आली. ३० जूनला १९:३० यूटीसीला उठली, भारतात १ जुलै होती, व्याजाचं काम पूर्ण. टेस्टच्या तिन्ही लॉगमधल्या जूनच्या तारखा तशाच पानावर चिकटवल्या, उदाहरण म्हणून. ट्रेनीने ४ तारखेला लिहिलेला कागद ती स्वतःच शेजारी लावूया म्हणाली. नको म्हटलं, पानावर फक्त ओळी आणि तारखा.

पान आज चालू झालं. जुन्या पानाचा पत्ता नव्याकडे वळवला. शिल्लक: क्युबरनेटीसच्या (कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) क्रॉनजॉबवर वेगळं पान हवं, तिथे टाइमझोनचा रकाना वेगळा आहे. जावा टीमच्या पानावर सेकंदाच्या रकान्याची टीप त्यांनीच घालायची, शुक्रवारी आठवण करायची. क्रॉन-डीमध्ये टिंबवाल्या नावाच्या किती फाइली पडून आहेत ते शोधायला ट्रेनीला सांगितलंय. दोन मशीनवर आताच सापडल्या.